कानबाईचं धड

वर्षा सैंदाणे माझ्या गॅरेजमध्ये शिल्पं करते. जागा बघायला आली तेव्हा मी विचारलं, गाडी कोणती आहे. ती म्हणाली, "गाडी नाही काकू, माती आहे." माझे यजमान जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. त्यांची फियाट त्यांच्याही आधी गेली होती आणि रिकाम्या गॅरेजमध्ये शेजारचे लोक हक्कानं सायकली ठेवू लागले होते. मी हो म्हटलं. माती म्हणजे कुंड्या असतील, असा माझा समज झाला.

तिचे वडील बन्सीलालराव पारोळ्याकडचे. लग्न झाल्याबरोबर सुरतेत उधन्याला आले आणि लूमच्या खात्यात लागले. कापड विणायच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं आणि त्या घरात सगळेच जण गल्लीच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तसं बोलतात. वर्षाही तशीच बोलते. ती बडोद्याला शिल्पकला शिकायला गेली तेव्हा बरोबरीच्या मुलांना वाटायचं, ही सारखी भांडते.

आता ती अडतिशीला आली आहे. सकाळी पर्वत पाटिया भागात एका व्यापाऱ्याकडे साड्यांच्या छपाईची डिझाइनं काढते. मोर काढते, कोयऱ्या काढते, आणि त्याबद्दल घरी आल्यावर एक शब्द बोलत नाही. दुपारनंतर ती गॅरेजमध्ये असते. तिथे तिला या शहरानं टाकून दिलेल्या वस्तू लागतात. चलथाणच्या साखर कारखान्यातला पिळलेल्या उसाचा भुसा, रंगाईच्या मिलमधली बॉयलरची राख, तापीचा गाळ, आणि मागावर कापडाचे काठ कातरले जातात तेव्हा पडणारी दोऱ्यांची झालर, पोती भरभरून. हे सगळं ती मळीत, म्हणजे साखर काढून झाल्यावर उरणाऱ्या काळ्या पाकात, कालवते. सिमेंट नाही, डिंक नाही. "पाण्यात ठेवलं की परत गाळ," ती अभिमानानं सांगते. माझ्या यजमानांनी जन्मभर मिलसाठी न गळणाऱ्या टाक्या बांधल्या. हे ऐकून त्यांना काय वाटलं असतं ते मी मनात आणत नाही.

शिल्पांना ती नावं देत नाही, क्रमांक देते. उधना पाच पावसाळ्यात उगवलं, कारण गाळात बिया होत्या. ती म्हणाली, हे अपेक्षितच होतं. उधना आठ मुंग्यांनी नेलं. सगळं नाही, पण राहिलं त्याला बघण्यात अर्थ नव्हता. उधना अकरा एका भंगारवाल्यानं फाटकातून उचलून नेलं आणि दुसऱ्या दिवशी आणून परत ठेवलं. नेलं त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. परत आणलं त्या दिवशी ती जेवली नाही.

घरी या कामाचा विषय निघत नसे. तिची आई भागीरथीबाई चाळीत विचारणाऱ्याला सांगायच्या, वर्षी डिझाइनिंगला आहे. ते खोटं नव्हतं. चाळ माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण गॅरेजमध्ये त्या कधी आल्या नव्हत्या. मी एकदा म्हटलं, या की बघायला. त्या म्हणाल्या, "ताई, चिखल मी गावाला पुष्कळ पाह्यला."

उधना चौदा ही मांडी घालून बसलेली बाई होती. बसूनही माझ्या छातीपर्यंत येईल एवढी. दोऱ्यांच्या झालरीमुळे तिच्या अंगावर कापड विणता विणता अर्धवट सोडल्यासारखं दिसायचं. तिला डोकं नव्हतं. दोन खांद्यांच्या मधे वाटीसारखा खोलगट खड्डा होता. मी विचारलं तर वर्षा म्हणाली, "डोकं केलं की लोक चेहरा बघतात काकू. माल बघत नाहीत."

बडोद्याच्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी ती कॉलेज सोडल्यापासून दर वर्षी अर्ज करत होती. या श्रावणात पहिल्यांदा हो आलं, ते उधना चौदाला. काम मंगळवारी संध्याकाळपर्यंत तिथे पोचलं पाहिजे, नाही तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल, असं संयोजक बाईंनी फोनवर सांगितलं. वर्षानं टेम्पो ठरवला आणि शनिवारी स्वतः जागा बघायला बडोद्याला गेली.

नेमकी त्या रविवारी कानबाई होती.

मी विदर्भातली, माझी शाळा नन्सची. कानबाई मला उधन्यात येऊन माहीत झाली. नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी खानदेशी घरांत बसते. देवी म्हणजे घराण्यात जपून ठेवलेला नारळ. त्याला डोळे लावतात, नथ घालतात, साडीचोळीनं सजवून चौरंगावर बसवतात आणि रात्रभर गाणी म्हणतात. सोमवारी सकाळी नदीवर नेऊन आरती करतात, नारळ पाण्यात बुचकळतात आणि पुढच्या वर्षासाठी घरी परत आणतात. हार, फुलं आणि आरास नदीला जाते. घराघराच्या रीतीत थोडा फरक असतो आणि त्या फरकावर बायका वर्षभर बोलू शकतात.

सैंदाण्यांच्या चाळीत त्या आठवड्यात गटाराचा पाइप बदलायला फरशी उकरून ठेवली होती. भागीरथीबाई माझ्याकडे आल्या. देवी गॅरेजमध्ये बसवू का, म्हणाल्या. मी म्हटलं, जागा वर्षाची, तिला विचारा. त्यांनी माझ्यासमोर बडोद्याला फोन लावला. त्या घरातल्या पद्धतीमुळे पलीकडचं बोलणंही मला ऐकू आलं.

"एका बाजूला मांड, माय. माझ्या कामाला हात लावू नको."

"नही लावस व," भागीरथीबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी चाळीतल्या बायका आल्या. त्यांच्यात सरलाबाई होत्या. कानबाईची गाणी त्यांना पाठ आहेत आणि नियमही, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही. गॅरेज झाडलं, सारवलं, तोरण लागलं. चौरंग मागून स्कूटरवरून आला. वळणावर तो पडला होता आणि येताना तीनच पायांवर आला.

देवीला जमिनीवर ठेवता येत नाही. मी घरातलं स्टूल आणलं. सरलाबाईंनी ते फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "याच्यावर कोण कोण बसलं असंल, ताई." ते खरं होतं. प्लंबर बसला होता. मी स्टूल परत नेलं.

पूजेची वेळ होत आली होती. बन्सीलालराव सोवळं नेसून उभे होते आणि कशासाठी थांबलोय हे त्यांना कोणी मोठ्यानं सांगितलं नव्हतं. भागीरथीबाई कोपऱ्यात गेल्या. तिथे उधना चौदा पांढऱ्या चादरीखाली होतं. त्यांनी चादर काढली. मुलीचं काम त्या पहिल्यांदाच बघत होत्या. बराच वेळ बघितलं, मागच्या बाजूनंही बघितलं. मग ताटातला नारळ उचलला आणि खांद्यांमधल्या खड्ड्यात ठेवला. तो जरासा डावीकडे कलला आणि बसला.

मी म्हटलं, "भागीरथीबाई, तिनं हात लावू नका म्हटलं होतं."

"हात कुठं लावला? नारळ लावला."

सरलाबाई जवळ गेल्या, वाकून बघितलं, आणि म्हणाल्या, "साडी आना."

संध्याकाळी वर्षा स्टेशनवरून सरळ गॅरेजमध्ये आली. आत दिवे लागले होते, बायका बसल्या होत्या, आणि तिचं शिल्प हिरव्या शालूत, नथ घालून, कपाळभर कुंकू लावून तिच्याकडे बघत होतं. तिनं पिशवी खाली ठेवली.

"माय, साडी कोणाची?"

"मन्ही. लगननी. साजरी दिखस ना?"

"मी सांगितलं होतं कामाला हात लावू नको."

"तूच जागा रिकामी ठेवली होती," भागीरथीबाई म्हणाल्या. "कोणी तरी येनार म्हणूनच ठेवतात ना जागा?"

वर्षानं माझ्याकडे बघितलं. मी समईची वात सारखी केली.

"ठीक आहे," वर्षा म्हणाली. "उद्या नारळ नदीवर न्या. नंतर मी हे आवरते, मला परवा पाठवायचं आहे."

"आसन ऱ्हात नाही," सरलाबाई म्हणाल्या. "ज्याच्यावर देवी बसली ते देवीबरोबर जातं."

"कुठे जातं?"

"कुठं म्हंजे? तापीला."

"चौरंग तर तुम्ही दर वर्षी परत आणता."

"लाकडाचा परत येतो. मातीचं आसन परत आनत नाहीत. माती नदीची."

वर्षा बाहेर येऊन माझ्या ओट्यावर बसली. पाण्यात घातलं तर किती वेळ टिकेल, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आरती संपायच्या आत गेलं असेल, काकू. मी अर्जात तसं लिहून दिलंय. त्यांना तेच आवडलं."

"मग आईला सांग. हे आसन नाही, माझं काम आहे म्हणून."

"तसं सांगितलं तर ती नारळ उचलेल. लगेच उचलेल. आणि परत कधी आत येणार नाही." आतून गाणं सुरू झालं. तिनं थोडा वेळ ऐकलं. "बसलेली देवी माझ्यासाठी उठवली, हे तिला चाळीत जन्मभर ऐकवतील. आणि नाही सांगितलं तर मंगळवारी माझ्याकडे पाठवायला काही नाही."

"दुसरं एखादं पाठव."

"त्यांनी हे मागितलंय. बाकीचं मुंग्यांकडे आहे."

मी तिला चहा दिला.

सोमवारी सकाळी प्रश्न आला तो वजनाचा. नारळ डोक्यावर नेता येतो, पण आता नारळाखाली भुसा, राख, गाळ आणि बांबूचा सांगाडा होता. चार बायकांनी उचलून बघितलं आणि ठेवलं. शेवटी वर्षानंच मंगळवारसाठी ठरवलेला टेम्पो बोलावला. टेम्पोवाला दीपक चाळीतलाच, जन्म सुरतेचा. त्यानं आत डोकावून बघितलं.

"वर्षाताई, आधी सांगा, हा देव आहे की माल? मालाला बिल्टी, पावती लागते. देवाला नाही लागत. पछी रस्त्यात कोणी अडवलं तर माझ्यावर येतं."

"आज देव आहे," वर्षा म्हणाली.

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या."

"उद्याचं भाडं पण उद्याचं, हां," दीपक म्हणाला आणि मागचं फळकं पाडलं.

बायका टेम्पोत मूर्तीला धरून उभ्या राहिल्या, मला पुढे दीपकशेजारी बसवलं. बन्सीलालराव स्कूटरवर मागून येत होते. तापीच्या घाटांना सुरतेत ओवारा म्हणतात. ओवाऱ्यावर आणखीही कानबाया आलेल्या होत्या. त्या सगळ्या डोक्यावर मावणाऱ्या होत्या. आमची उतरली तेव्हा लोकांनी जागा करून दिली आणि कुठल्या गावची, म्हणून विचारलं. सरलाबाई म्हणाल्या, "पारोळ्याची."

पाण्याच्या कडेला आरती झाली. भागीरथीबाईंनी नारळ काढला, तीनदा बुचकळला आणि पदरात घेतला. आता खांद्यांमधे पुन्हा नुसता खड्डा होता. सरलाबाईंनी बायकांना खूण केली. चौघींनी शिल्पाला हात घातला. वर्षा पायरीवर उभी होती. तिनं हात मागे बांधले होते. हे मला बघवेना, म्हणून मी भागीरथीबाईंकडे बघत राहिले. त्या मुलीकडे बघत होत्या.

पाणी शिल्पाच्या मांडीला लागलं. कडेनं काळपट पाणी सुटलं, मळीचं.

"थांबा," भागीरथीबाई म्हणाल्या.

"आता काय?" सरलाबाई म्हणाल्या. "आसन जाऊ दे."

"हे आसन नही शे." त्या पाण्यात उतरल्या. "आसनवर बसतंस. नारय यान्हावर बसेल नव्हता. यान्हं डोकं व्हयेल व्हता. आते डोकं घर लई जावानं आन् धड पानीमा सोडी देवानं, आसं कोनी करस का व माय?"

म्हणजे नारळ याच्यावर बसला नव्हता, याचं डोकं झाला होता, आणि डोकं घरी नेऊन धड कोणी पाण्यात सोडत नाही. बायका थांबल्या. चौघींच्या हातांत शिल्प होतं आणि ते हळूहळू हलकं होत होतं. सरलाबाईंनी नारळाकडे बघितलं, खड्ड्याकडे बघितलं. अशी अडचण त्यांच्यापुढे पूर्वी आलेली नसावी. पण मुद्दा त्यांच्याच शास्त्रातला होता.

"धडालाबी तीनदा पाणी लावा," त्या शेवटी म्हणाल्या. "मग आख्खी घरी न्या."

तीनदा पाणी लावलं. त्यात पावलं गेली आणि एका गुडघ्याचा आकार गेला. उरलेली कानबाई टेम्पोत चढली. दीपकनं विचारलं, "रिटर्न पण आहे का?" आणि मागचं फळकं लावलं.

घरी येईपर्यंत वर्षा खूश होती. गॅरेजमध्ये आल्यावर तिच्या लक्षात आलं ते तिनं मला हळू आवाजात सांगितलं, म्हणजे आम्हा सगळ्यांना. "काकू, आसन असतं तर नदीत गेलं असतं. आता ती देवी आहे. देवीला प्रदर्शनात कसं नेणार?" असं म्हणून तिनं फोन काढला.

भागीरथीबाई साडीच्या निऱ्या सोडवत होत्या. "कोनले फोन करस?"

"बडोद्याला. येत नाही म्हणून सांगते."

"कोण येत नाही?"

"हे. तू म्हणालीस ना, डोकं आणि धड वेगळं करायचं नाही. डोकं घरी राहणार, मग हे पण घरीच."

"कधीपर्यंत लागतं त्यांना?"

"आठ-दहा दिवस."

भागीरथीबाईंनी साडीची घडी घातली. त्यांनी घाई केली नाही. "पौर्णिमेपर्यंत एकत्र पाहिजे," त्या म्हणाल्या. "पौर्णिमा झाली की नारळ देव्हाऱ्यात जातो, मग धडाला काही नाही. तवर मी नारळ घेऊन येते."

"कुठे येतेस?"

"बडोद्याला."

"आणि आप्पांचं जेवण?"

भागीरथीबाईंनी माझ्याकडे बघितलं. बन्सीलालरावांना भरीत रोज लागतं आणि ते तिखट असावं लागतं, हे मला त्या आठवड्यात कळलं.

मंगळवारी टेम्पो निघाला. या वेळी बिल्टी झाली. त्यात दीपकनं 'माटीकाम, नंग एक' असं लिहिलं. भागीरथीबाई पुढे बसल्या, मांडीवर नारळ, पायाशी डबा. डब्यात रोट होता, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या. कानबाईचा रोट पौर्णिमेच्या आत संपवायचा असतो आणि तो फक्त भाऊबंदांनी खायचा असतो.

पुढचं मी वर्षाकडून ऐकलं आणि शनिवारी सकाळच्या गाडीनं जाऊन थोडं स्वतः बघितलं. मोठा पांढरा हॉल होता. झिजलेल्या बाजूखाली वीट घालून उधना चौदा सरळ केलेलं होतं. खांद्यांवर कुंकवाचे डाग तसेच होते. शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर भागीरथीबाई मांडीवर फडक्यात बांधलेला नारळ घेऊन बसल्या होत्या. आधी रखवालदारानं त्यांना उठवायचा प्रयत्न केला, मग संयोजक बाईंनी. मग एका वर्तमानपत्रात त्यांच्यासकट फोटो आला आणि उठवायचं बंद झालं.

मी होते तेव्हा एक तरुण जोडपं आलं. मुलगा मराठी होता. त्यानं वाकून विचारलं, "मावशी, तुम्ही या कलाकृतीचा भाग आहात का?"

"नाही," भागीरथीबाई म्हणाल्या. "मी हिच्या डोक्याबरोबर आले."

"हे कोणी केलं?"

"माझ्या मुलीनं. उसाचा भुसा आहे, मिलची राख आहे, तापीचा गाळ आहे. दोरा आमच्या खात्याकडला. डिंक नाही." हे सगळं त्यांनी गल्लीच्या पलीकडे ऐकू जाईल असं सांगितलं. हॉलच्या दुसऱ्या टोकाचे लोकही इकडे बघायला आले.

जोडप्यातल्या मुलीनं डब्याकडे बघून विचारलं, आत काय आहे. रोट, त्या म्हणाल्या. चव बघू का, असं तिनं गोड आवाजात विचारलं. "नाही," भागीरथीबाई म्हणाल्या आणि डबा खुर्चीखाली सरकवला. मलाही दिला नाही. मी अपेक्षाही केली नव्हती.

पौर्णिमेनंतर त्या परत आल्या. प्रदर्शन आणखी दोन दिवस चाललं. त्या दोन दिवसांत अहमदाबादच्या कोणीतरी उधना चौदा विकत मागितलं. वर्षानं घरी फोन केला आणि आईला विचारलं. पूर्वी तिनं कशासाठी विचारलं असतं असं मला वाटत नाही.

"विक," भागीरथीबाई म्हणाल्या. "पौर्णिमा झाली. आते ते तुन्हं काम शे. पण त्यांना सांग, ते पान्यात ठेवू नका."

आता गॅरेजमध्ये उधना पंधरा सुरू आहे. भागीरथीबाई दुपारी येतात, आल्यावर आधी चपला काढतात. काल नारळ माप घ्यायला बरोबर आणला होता. त्यांचं म्हणणं, मागच्या वेळी नारळ डावीकडे कलला तो खड्डा उथळ होता म्हणून, आणि खांदे अरुंद होते म्हणून साडी सरकत होती. वर्षाचं म्हणणं, हे साडी नेसवण्यासाठी नाही, आणि हे पुढच्या श्रावणासाठी तर मुळीच नाही.

"मग कोणासाठी आहे?"

"कोणासाठी म्हणून नसतं, माय."

"मग खड्डा कशाला ठेवते?"

वर्षानं हात ओला केला. मग खड्ड्याची डावी कड बोटभर वर घेतली. भागीरथीबाईंनी नारळ ठेवून बघितला, काढला, आणि म्हणाल्या, "अजून."